‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे नेमकं करायचं काय?

काही वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. आधी नुसता ठणकायचा, मग हळूहळू हात वर जाईना. केस बांधता येईनात, पाठीमागचं बटण लागेना, त्या कुशीवर झोपायची तर सोयच उरली नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना दारात एकच सांगून जायचा, “पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होईल.” मी मान डोलवायची. माणसं मायेनंच म्हणत होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण दार लावून वळले की दरवेळी तोच प्रश्न पडायचा. राहा म्हणजे काय करू? ‘गोळी घ्या’ म्हटलं की गोळी घेता येते. ‘शेका’ म्हटलं की शेकता येतं. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हटल्यावर माणसानं उठून नक्की काय करायचं असतं?

फिजिओथेरपी करणारी मुलगी मात्र हे वाक्य एकदाही बोलली नाही. तिनं मला भिंतीसमोर उभं केलं, दुखऱ्या हाताची बोटं भिंतीला टेकवायला लावली आणि मुंगी चढते तशी एकेक बोट वर सरकवायला सांगितलं. जिथं कळ आली आणि हात थांबला, तिथं तिनं पेन्सिलीनं बारीकशी रेघ मारली. शेजारी तारीख घातली. “काकू, उद्या इथून पुढं.” (मला कुणी काकू म्हटलेलं आवडत नाही, पण खांदा तिच्या ताब्यात होता.)

त्या रेघेत काय होतं हे कळायला मला बराच काळ लागला. सकारात्मक दृष्टिकोन या विषयावर मानसशास्त्रात गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ काम झालंय. सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासोबत जे सुविचार येतात, त्यांच्याशी त्यातलं बरंचसं जुळत नाही. ते काय आहे, हे जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगते.

## जीभ दुखऱ्या दाताकडेच का जाते?

तोंडात बत्तीस दात. एकतीस गुमान आपलं काम करत असतात, एक किडलेला असतो. जीभ दिवसभर कुठं जाते? मनाचंही तसंच आहे. दहा माणसं नीट बोलली आणि एकानं टोमणा मारला, तर रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर टोमणाच आठवतो.

रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या विषयावरच्या ढीगभर अभ्यासांचा आढावा घेतला. नाती, पैसा, आठवणी, शिकणं, जिकडं बघावं तिकडं त्यांना तेच दिसलं. वाईट गोष्टीचा ठसा तेवढ्याच मोठ्या चांगल्या गोष्टीपेक्षा खोल उमटतो. यामागं हिशेब साधा आहे. फळांनी लगडलेलं झाड आज नजरेतून सुटलं तर उद्या दिसेल. साप सुटला तर उद्याच उरत नाही. जे आपले पूर्वज वाईटाकडं आधी बघायचे ते जगले, आणि त्यांचीच सवय आपल्याकडं आली.

म्हणून मनात काळे विचार येतात याबद्दल स्वतःला बोल लावण्यात काही अर्थ नाही. जीभ दाताकडं जाणारच. चांगलं आपोआप चिकटत नाही म्हणून ते मुद्दाम लिहून ठेवावं, हा सल्ला याच निरीक्षणातून आलाय. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी २००३ मध्ये तो तपासला. ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटावं अशा गोष्टींची नोंद ठेवणाऱ्यांना थोडं बरं वाटत होतं. थोडंच. वही घातली आणि आयुष्य पालटलं, असं काही होत नाही. पण वही स्वस्त पडते.

## कुत्र्यांचा प्रयोग आणि जवळपास पन्नास वर्षांनी झालेली दुरुस्ती

१९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो वाचताना पोटात तुटतं. पण त्यातून जे निघालं ते टाळून या विषयात पुढं जाता येत नाही.

कुत्र्यांचे तीन गट होते. पहिल्या गटातल्या कुत्र्यांना विजेचे झटके बसायचे, पण डोक्यानं शेजारची पट्टी दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटाला तितकेच झटके, तितकाच वेळ. फरक एवढाच की त्यांनी काहीही केलं तरी उपयोग नव्हता. पहिल्याचा झटका थांबला की यांचाही आपोआप थांबायचा. तिसऱ्या गटाला काहीच नाही. मग सगळ्यांना एका पेटीत सोडलं. पेटीच्या मधोमध बुटकी फळी, आणि ती ओलांडून पलीकडं उडी मारली की सुटका. पहिल्या आणि तिसऱ्या गटातली कुत्री हे भराभर शिकली. दुसऱ्या गटातली बहुतेक जागच्या जागी बसून, कण्हत झटके सोसत राहिली. फळी समोर होती. ओलांडता येण्याजोगी होती. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

संशोधकांनी याला ‘शिकून आलेली हतबलता’ म्हटलं. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही हे एकदा अंगवळणी पडलं की जिथं फरक पडण्यासारखा असतो तिथंही हात उचलला जात नाही. नोकरीसाठी वीस ठिकाणी अर्ज करून थकलेला माणूस एकविसावी जाहिरात वाचतच नाही, ती हीच फळी.

या कुत्र्यांना बरं कसं केलं, हा भाग सहसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पलीकडं खाणं ठेवून बघितलं. हाका मारल्या. मधली फळीसुद्धा काढून टाकली. कुत्री हलली नाहीत. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना अक्षरशः ओढत पलीकडं न्यावं लागलं, आणि तेही एकदा नाही, पुन्हापुन्हा. किती तरी खेपांनंतर ती आपणहून उठायला लागली. पलीकडून मारलेली हाक आणि दारातून दिलेला ‘पॉझिटिव्ह राहा’चा सल्ला यांत मला फारसा फरक दिसत नाही. हाक प्रेमाची असेल, पण तिनं पाय उचलला जात नाही.

आता दुरुस्ती. मायर नंतर मेंदूच्या अभ्यासाकडं वळले, आणि २०१६ मध्ये त्या दोघांनी मिळून कबूल केलं की आपण गोष्ट उलटी वाचली होती. हतबलता शिकावी लागत नाही. लांबलेल्या त्रासापुढं गप्प बसणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते, फोनच्या फॅक्टरी सेटिंगसारखी. शिकावं लागतं ते दुसरंच, म्हणजे ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ हे. तसा अनुभव आला की मेंदूचा पुढचा भाग आतल्या धोक्याच्या घंटेला आवर घालतो. ज्या प्राण्यांना असा ताबा आधी मिळाला होता, ती पुढच्या, हाताबाहेरच्या त्रासातही सहजी कोसळली नाहीत.

एखादा शास्त्रज्ञ आपलाच गाजलेला निष्कर्ष उलटा होता असं लिहितो, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आणि आपल्या विषयापुरतं सांगायचं तर यानं पारडंच फिरतं. खचलेल्या माणसात काही बिघडलेलं नसतं. त्याला ताब्याचा एक अनुभव हवा असतो, मग तो कितीही लहान का असेना. भिंतीवर कालच्यापेक्षा नखभर वर गेलेली रेघ इतका लहानही चालतो.

## ‘सगळंच मुसळ केरात’

अपयश येतं तेव्हा आपण स्वतःला त्याचं कारण सांगतो. मोठ्यानं नाही, मनातल्या मनात, एका वाक्यात. लिन अब्रॅमसन, सेलिगमन आणि जॉन टीसडेल यांनी १९७८ मध्ये मांडलं की हे वाक्य कसं आहे यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. त्या वाक्याला तीन प्रश्न विचारायचे. हे कायमचं आहे की आत्तापुरतं? सगळीकडं पसरलंय की एवढ्याच ठिकाणी आहे? आणि दोष सगळा माझा आहे का?

आपली भाषा या बाबतीत भारी तयारीची आहे. ‘माझं नशीबच फुटकं’ या तीन शब्दांत कायमचं, सगळीकडचं आणि माझंच, तिन्ही बसतं. ‘सगळंच मुसळ केरात गेलं.’ ‘आपल्याला काही जमायचं नाही.’ ही वाक्यं तोंडात तयारच असतात, जुळवावी लागत नाहीत, म्हणून खरीही वाटतात.

एक उदाहरण घेऊ. मुलाखत झाली, निवड झाली नाही. मनातलं वाक्य असं असतं, ‘मला बोलताच येत नाही, माझं नेहमी असंच होतं.’ आता वाक्याची झडती घ्या. नेहमी? शेजारणीशी तासभर बोलता येतं, फोनवर भांडून बिल दुरुस्त करून घेता येतं. मग ‘बोलता येत नाही’ हे खरं नाही. खरं वाक्य असं निघतं, ‘स्वतःच्या कामाबद्दल अनोळखी माणसांपुढं बोलायची वेळ आली की मी अडखळते, आणि यावेळी मी त्याची तयारी केली नव्हती.’ हे वाक्य गोड नाही. त्यात दोषही कबूल केलाय. पण पहिल्या वाक्याला काही उपाय नव्हता आणि दुसऱ्याला आहे.

नळ गळत असताना ‘घरच बुडालं’ म्हणणारा पाना शोधत नाही. ‘कुठं गळतंय? काहीच नाही’ म्हणणाराही शोधत नाही. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपण सकारात्मक समजतो, ही आपली फसगत.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सांभाळून बोलायला हवं. ‘दोष माझा नाही’ म्हणायची सवय लागली तर माणूस सुखी दिसेल, पण सुधारणार नाही. रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये इथं एक उपयोगी फरक दाखवला. ‘मी हे चुकीचं केलं’ आणि ‘मी माणूसच चुकीची आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केलेलं बदलता येतं.

## ‘मग रोज आरशासमोर उभं राहून मी यशस्वी आहे म्हणू का?’

हा सल्ला इतक्या ठिकाणी मिळतो की तो तपासायला हवाच होता. २००९ मध्ये जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ असं वाक्य त्यांनी लोकांना पुन्हापुन्हा स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल मुळात चांगलं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल शंका होती, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच माणसांपेक्षा वाईट वाटलं. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध काढलं त्यांनाच ते बाधलं. कारण उमजण्यासारखं आहे. आपल्याला न पटणारं वाक्य आपण मोठ्यानं म्हणतो तेव्हा आतून कुणीतरी लगेच उलटं बोलतं, आणि त्याच्याजवळ पुरावे तयार असतात.

स्वप्नं रंगवण्याचंही असंच आहे. गॅब्रिएल ऑटिंगन यांनी थॉमस वॅडन यांच्याबरोबर १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या उपक्रमात आलेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास केला. अभ्यास छोटा होता, पण निकाल चक्रावणारा. आपल्याला हे जमेल अशी अपेक्षा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. आणि बारीक झालेलं आपलं रूप ज्या छान रंगवून बघत होत्या त्यांचं कमी उतरलं, वर्षभरात सुमारे ११ किलोंनी कमी. पुढं नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांमध्येही ऑटिंगन यांना असंच आढळलं. यशाची चित्रं जितकी जास्त रंगवली, तितके दोन वर्षांनी नोकरीचे प्रस्ताव कमी आणि पगारही कमी.

अपेक्षा आणि स्वप्नरंजन यांत फरक काय, असं कुणी विचारेल. अपेक्षा आधीच्या अनुभवावर उभी असते. मागच्या वेळी थोडं जमलं होतं, म्हणून आता जमेल. स्वप्नरंजनाला अनुभव लागतच नाही. शिवाय मनातल्या मनात मुक्कामी पोचलेल्या माणसाचं अंग सैल पडतं. २०११ मध्ये हेदर कॅप्स आणि ऑटिंगन यांनी रक्तदाबाचा वरचा आकडा मोजून हे दाखवलं. गोड चित्रं रंगवल्यावर तो खाली येतो, म्हणजे शरीर जणू काम संपल्यासारखं निवांत होतं. झोप येत नसेल तर हा उपाय चांगला आहे. काम करायचं असेल तर घातक.

मग स्वप्न बघूच नये? बघावं, पण लगेच त्याच्या शेजारी अडथळा ठेवावा. मला काय हवंय आणि त्याच्या आड माझ्यातलं काय येतंय, दोन्ही एकापाठोपाठ मनासमोर आणायचं. नंतर अडथळ्यासाठी ‘जर-तर’चं एक वाक्य करून ठेवायचं. हा दुसरा भाग पीटर गॉलविट्झर यांचा. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवणाऱ्यांकडून काम पार पडायचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं.

माझं वाक्य असं होतं, ‘दात घासून झाले की ब्रश जागेवर ठेवायच्या आधी भिंतीपाशी.’ हास्यास्पद आहे, मला मान्य आहे. पण ‘मी रोज व्यायाम करीन’ हे वाक्य मी तीन आठवडे म्हणत होते आणि त्या तीन आठवड्यांत भिंतीवर तीनच रेघा होत्या. हातात ब्रश घेऊन भिंतीशी उभी राहायला लागल्यापासून दिवस चुकला नाही.

## ‘म्हणजे वाईट विचार मनात येऊच द्यायचे नाहीत का?’

पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. पाच मिनिटं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना हेच सांगितलं होतं, आणि अस्वल मनात आलं की घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. त्याहून गंमत म्हणजे, नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, ज्यांनी आधी दाबला होता त्यांच्या मनात तो मोठ्या उसळीनं आला, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षा जास्त. पाण्यात दाबून धरलेला चेंडू सोडल्यावर जसा उडतो, तसा.

त्यामुळं ‘निगेटिव्ह विचार काढून टाक’ हा सल्ला देणारा माणूस पांढरं अस्वल पाठवत असतो.

काढून टाकण्यापेक्षा नाव देणं सोपं जातं. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाची धावपळ उतरताना दिसली. ‘कसंतरीच होतंय’ आणि ‘मला भीती वाटतेय की हात कायमचा असाच राहील’, या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते स्वतः म्हणून बघा. दुसऱ्या वाक्यातली भीती डॉक्टरांना विचारता येते. मी विचारलीसुद्धा. ते म्हणाले, या दुखण्यात बहुतेकांचा हात मोकळा होतो, पण वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. उत्तर काही गोड नव्हतं, तरी त्या रात्री मला झोप लागली.

लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली पद्धत अगदी साधी आहे. सर्वांत सलणाऱ्या गोष्टीबद्दल रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस लिहायचं. शुद्धलेखन, अक्षर, कुणी वाचेल का, काही बघायचं नाही. लिहिताना त्रास होतो. फायदा होतो तो नंतर काही आठवड्यांनी, आणि सगळ्यांना सारखा होत नाही.

आणि काही माणसांना वाईटाचा विचार करूनच बळ येतं, त्यांना उगाच सुधारायला जाऊ नये. परीक्षेला जाताना तीन पेनं नेणारी, गाडी चुकेल म्हणून तासभर आधी निघणारी माणसं. जुली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये अशा माणसांचा अभ्यास केला. काय काय बिघडेल याची यादी मनात करतात, प्रत्येकाचा बंदोबस्त करतात आणि मग शांत होतात. त्यांना ‘अगं, होईल सगळं नीट’ म्हणून गप्प केलं तर त्यांचं काम उलट बिघडतं. माझी धाकटी बहीण अशीच आहे. प्रवासाला निघताना तिची कुरकुर चालू असते तोवर मला खात्री असते की काही विसरलेलं नाही.

## ‘परिस्थितीच वाईट असेल तर दृष्टिकोन काय चाटायचाय?’

हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. सहा महिने पगार थकलेल्या माणसाला विचार बदलायला सांगणं हा उद्धटपणा आहे. ज्याच्या हातात ती परिस्थिती सुधारणं असतं, त्यानंच हे सांगावं, तेव्हा तर तो सरळ डाव असतो. कामाचे तास माणसांना झेपेनासे झाले की तास कमी करायचे सोडून सकारात्मकतेवर व्याख्यान ठेवायचं. अशी व्याख्यानं मी ऐकली आहेत. टाळ्याही वाजवल्या आहेत, कारण वक्ता गोड बोलत होता आणि तेवढा तासभर कामातून सुटका होती.

आजारपणात हा प्रकार आणखी वाईट होतो. ‘इच्छाशक्तीनं कर्करोग हरवला’ अशा गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. त्यांची दुसरी बाजू अशी की जो वाचला नाही, त्याची इच्छाशक्ती कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोकं आणि मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. मनाची अवस्था बरी असण्याचा आणि जास्त जगण्याचा त्यांना काही संबंध आढळला नाही. गाठीला आपला मूड कळत नाही. रुग्णाला रडायचं असेल तर रडू द्यावं, तेवढ्यानं काही बिघडत नाही.

मग मायकल शायर आणि चार्ल्स कार्व्हर यांनी १९८९ मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतरच्या ५१ पुरुषांचा अभ्यास केला, त्यात आशावादी लोक लवकर उठून हिंडूफिरू लागले, त्याचं काय? दोन्ही खरं असू शकतं. शस्त्रक्रियेनंतर सावरण्यात रुग्णाच्या करण्याचा वाटा मोठा असतो. उठणं, चालणं, सांगितलेलं पाळणं. आशा असली की माणूस उठतो, आणि उठलेला माणूस लवकर सावरतो. आशेचा परिणाम हातापायांतून होतो. जिथं हातापायांना करण्यासारखं काही नाही, तिथं ती सोबत देते, इलाज करत नाही.

म्हणून अडचण आली की मी आता एक कागद घेते आणि मधोमध रेघ मारते. एका बाजूला जे माझ्या हातात आहे ते, दुसऱ्या बाजूला जे नाही ते. पगार थकला तर मालकाची नियत दुसऱ्या बाजूला जाते. लेखी तक्रार, बरोबरीच्या माणसांना एकत्र आणणं, दुसरं काम शोधणं, हे पहिल्या बाजूला. भांडण हीसुद्धा सकारात्मक कृती असू शकते. हे व्याख्यानांत का सांगत नाहीत, ते तुम्हाला कळलं असेलच.

## ‘स्वभावाला औषध नसतं’

म्हण जुनी आहे आणि थोडी खरीही आहे. रॉबर्ट प्लोमिन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून अंदाज काढला की माणसामाणसांतल्या आशावादाच्या फरकातला साधारण चौथा हिस्सा आनुवंशिक असतो. म्हणजे काहींना उतारावरची गाडी मिळते, काहींना चढावरची. पण उरलेला हिस्सा बराच मोठा आहे.

आणि तो बदलायला आधी मन बदलावं लागत नाही, हे मला सगळ्यात दिलासा देणारं वाटतं. नैराश्यावरच्या उपचारात आधी विचार तपासायचे की आधी दिनक्रम हलवायचा? नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये ही तुलना केली. एका गटावर विचार आणि वर्तन या दोन्हींचे पूर्ण उपचार, दुसऱ्यावर फक्त वर्तनाचा भाग. म्हणजे ठरल्या वेळी उठणं, टाळलेलं एखादं काम हातात घेणं, माणसांत जाणं. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले.

आपण उलट क्रमानं जगतो. मूड आला की करीन. बॅटरी उतरलेली गाडी आधी धक्का मारून हलवावी लागते, इंजिन नंतर पकडतं. इंजिन चालू झाल्यावर ढकलू म्हणत बसलं तर गाडी तिथंच राहते. आणि धक्का मारायला दुसरं माणूस लागलं तर त्यात लाज कसली?

## इथं हा लेख बाजूला ठेवा

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतली चव गेली असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कुणाला नकोच आहोत असं वाटत असेल, तर तो दृष्टिकोनाचा प्रश्न नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला इलाज आहे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा आपले नेहमीचे डॉक्टर, कुणालाही गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, आत्ता शेजारी असेल त्या माणसाला सांगा. आणि कुणी तुम्हाला असं सांगितलं, तर कृपा करून ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नका. बसा त्याच्याजवळ. डॉक्टरांकडं त्याच्यासोबत जा.

## भिंत

चौथ्या महिन्यात एक दिवस माझा हात आदल्या दिवशीच्या रेघेपर्यंतही पोचला नाही. दोन बोटं खालीच थांबला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी फिजिओकडं गेले तेव्हा रडकुंडीला आले होते. म्हटलं, झालं, सगळं मुसळ केरात.

तिनं माझी रेघांच्या नोंदींची वही बघितली. मग विचारलं, “काकू, या आठवड्यात काय काय केलंत?” मला आठवलं. माळ्यावरचे डबे काढले होते, एका दिवसात, एकटीनं.

“मागच्या महिन्यात काढता आले असते?”

नसते आले.

तिनं पुढं काही म्हटलं नाही. वहीत आजची तारीख घातली, पुढं त्या दिवशीचा, खाली आलेला आकडा लिहिला, आणि पेन्सिल माझ्या उजव्या हातात दिली. “आजपासून घरची रेघ तुम्हीच मारायची. खाली आली तरी मारायची.”

खोलीला नुकताच नवा रंग दिला. रंगारी भिंत घासायला लागला तेव्हा त्यानं विचारलं, “मुलांची उंची मोजलीय का इथं?” मी हो म्हटलं.